एका क्लिकसाठी दहा वर्षं! वन्यजीव छायाचित्रस्पर्धांच्या भन्नाट गोष्टी

बक्षीस मिळवणारा वन्यजीवांचा फोटो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हातभर लांब लेन्स, आफ्रिकेची महागडी सफर आणि जबडा वासलेला सिंह. प्रत्यक्षात गेल्या साठ वर्षांत जिंकलेल्या फोटोंवर नजर टाकली, तर त्यांत रिक्षा आहे, रेल्वेचा फलाट आहे, सांडपाण्याचा जुना पाइप आहे आणि आपल्या मुंबईतली आरे कॉलनीही आहे. जिंकणाऱ्यांत दहा वर्षांची पोरं आहेत आणि एकाच प्राण्यासाठी दहा वर्षं घालवणारी माणसंही आहेत. या सगळ्यांत समान गोष्टी दोनच: चिकाटी आणि सचोटी. ज्यांनी सचोटी सोडली, त्यांची बक्षिसं परत गेली. चला, या दुनियेतून एक झटपट फेरफटका मारू या.

सुरुवात केली घुबडाने

‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही या क्षेत्रातली सर्वांत मानाची स्पर्धा. ती १९६५ साली ब्रिटनमधल्या ‘ॲनिमल्स’ नावाच्या मासिकाने सुरू केली. हेच मासिक पुढे ‘बीबीसी वाइल्डलाइफ’ झालं. पहिल्या वर्षी विभाग होते अवघे तीन आणि प्रवेशिका काही शेकड्यांत. पहिला मान मिळाला पिल्लांसाठी भक्ष्य घेऊन आलेल्या एका घुबडाच्या फोटोला. आणि बक्षीस कोणाच्या हस्ते? तेव्हाच्या तरुण डेव्हिड ॲटनबरो यांच्या! १९८४ पासून लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम या स्पर्धेशी जोडलं गेलं आणि आजही तिचं माहेरघर तेच आहे.

साठ हजारांत शंभर

२०२५ च्या स्पर्धेत ११३ देश-प्रदेशांतून ६०,६३६ फोटो आले. प्रदर्शनात भिंतीवर लागतात फक्त शंभर. म्हणजे सहाशे फोटोंमागे जेमतेम एकाला जागा. परीक्षकांना फोटो काढणाऱ्याचं नाव सांगितलं जात नाही. त्यामुळे नामवंत असो की नवखा, सगळ्यांना एकच तराजू. अंतिम फेरीत पोचलेल्यांना कॅमेऱ्यातून निघालेली मूळ ‘रॉ’ फाइल दाखवावी लागते. फोटोत नसलेलं काही घुसवलं किंवा असलेलं पुसलं, तर स्पर्धेतून बाहेर. जिवंत प्राण्याचं आमिष लावून फोटो काढलेला असला, तरीही बाहेर.

ओसाड गावातला तरस

नामिबियात कोल्मन्सकॉप नावाचं हिऱ्यांच्या खाणीचं गाव होतं. हिरे संपले, माणसं गेली, आणि वाळवंटाची वाळू घरांत शिरली. दक्षिण आफ्रिकेच्या विम व्हॅन डेन हीव्हर यांना तिथे तपकिरी तरसाच्या पायांचे ठसे दिसले. तरसांच्या जातींमधली ही सर्वांत दुर्मीळ, त्यातून निशाचर आणि एकटी फिरणारी. त्यांनी ठरवलं, हा पाहुणा मोडक्या घरांसह एकाच चौकटीत आला पाहिजे. मग कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायचा, वाट पाहायची, हात हलवत परतायचं आणि पुन्हा यायचं. असं करत तब्बल दहा वर्षं गेली! शेवटी धुक्याच्या एका रात्री तरस आला, भग्न घरासमोर उभा राहिला आणि कॅमेऱ्यात सापडला. २०२५ चा सर्वोच्च किताब याच फोटोचा.

वाघिणीची झाडाला मिठी

२०२० चा विजेता फोटो पाहिला नसेल, तर आज नक्की शोधून पाहा. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या ‘लँड ऑफ द लेपर्ड’ राष्ट्रीय उद्यानात एक सायबेरियन वाघीण जुन्या फर वृक्षाला चक्क मिठी मारून उभी आहे. डोळे मिटलेले, गाल खोडाला टेकलेला. आपल्याला ती मायेची मिठी वाटते. प्रत्यक्षात ती झाडाला अंग घासून आपला वास मागे ठेवते आहे. ‘हा इलाखा माझा’ असं सांगणारी तिची ती पाटी! सर्गेई गोर्शकोव्ह यांनी वाघांच्या खुणा, केस आणि विष्ठा यांचा माग काढत नेमकं झाड हेरलं आणि जानेवारी २०१९ मध्ये समोर कॅमेरा ट्रॅप लावला. फोटो मिळाला नोव्हेंबरमध्ये.

लडाखचा डबल धमाका

हिमबिबट्या दिसणं म्हणजे नशिबाची परीक्षा. लडाखने मात्र या स्पर्धेला दोन अविस्मरणीय हिमबिबटे दिले. २००८ साली स्टीव्ह विंटर यांनी हेमिस राष्ट्रीय उद्यानात, बर्फ भुरभुरत असलेल्या रात्री टिपलेल्या हिमबिबट्याला सर्वोच्च किताब मिळाला. पुढे साशा फोन्सेका यांनी तीन वर्षं लडाखच्या डोंगरांत कॅमेरा ट्रॅप लावले. कुठलंही आमिष न ठेवता! त्यांना मिळालेल्या फोटोत सूर्यास्ताच्या उजेडात न्हालेली शिखरं आहेत आणि त्यांच्यासमोर राजासारखा उभा हिमबिबट्या. २०२२ च्या स्पर्धेत लोकांनी मतदान करून जो फोटो निवडला, तो हाच.

ट्रॅप आजचा नाही, शंभर वर्षांचा!

कॅमेरा ट्रॅप हा अलीकडचा शोध आहे असं वाटत असेल, तर थांबा. अमेरिकेचे जॉर्ज शायरस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच जंगलात तार बांधून हरणांकडूनच कॅमेऱ्याचा खटका ओढवून घेत होते. त्यांचे ७४ फोटो जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये छापून आले. मासिकाचं चित्रपुस्तक करून टाकलं, म्हणून संचालक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिल्याचं सांगतात!

आपल्याकडे हेच काम केलं ते भारतीय वनसेवेतले अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी. शिवालिकच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार बांधायची, वाघाचा पाय लागला की झगमगाट व्हायचा आणि फोटो निघायचा. त्यांचे रात्रीच्या वाघांचे फोटो १९२५ साली लंडनच्या साप्ताहिकात आले आणि १९२७ मध्ये पुस्तक निघालं. बाकीचे साहेब वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेत होते, त्या काळात हा माणूस बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन जंगलात जात होता. त्यांचं ऋण आपण मानायलाच हवं.

बैलाच्या पोटात फोटोग्राफर

इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी पक्ष्यांना न बुजवता फोटो काढण्यासाठी एक अफाट युक्ती काढली. खऱ्या बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून आतून पोकळ बैल तयार केला. फोटोग्राफर आत वाकून बसणार आणि कॅमेऱ्याची लेन्स कातड्याच्या भोकातून बाहेर डोकावणार. शेतात बैल उभा असेल, तर पक्षी कशाला घाबरतील? या दोघांनी १८९० च्या दशकात पक्ष्यांच्या घरट्यांचे जे फोटो काढले, त्यांतून या छंदाचा पाया घातला गेला.

आरेची बोळ, वारली पाडा आणि बिबट्या

आता आपल्या मुंबईत येऊ. २०१६ साली लंडनच्या याच स्पर्धेत शहरी विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं मुंबईच्या नयन खानोलकर यांना. फोटो आहे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीतला. रात्रीची वेळ, पाड्यातली अरुंद बोळ, घरांच्या भिंती आणि त्या दोन भिंतींमधून आपल्याच वाटेने निघालेला बिबट्या. चालता चालता त्याने क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं आहे. क्लिकचा आवाज कुठून आला, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असावं. पळापळ नाही, डरकाळी नाही.

या फोटोमागची मेहनत समजून घेण्यासारखी आहे. खानोलकरांनी आधी पाड्यातल्या वारली लोकांना विश्वासात घेतलं. बिबट्या कधी येतो, कुठून येतो, कुठे वळतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? मग फ्लॅश असे लावले की बोळीत रोज जसा उजेड असतो, तसाच वाटावा. कॅमेऱ्याची जागाही अशी निवडली की बिबट्याने सगळी चौकट व्यापू नये, घरंही तितकीच दिसावीत. कारण गोष्ट एकट्या बिबट्याची नव्हती, शेजाराची होती. चार महिन्यांनी मनासारखा फोटो मिळाला.

वारल्यांसाठी बिबट्या हा कायमचा शेजारी. वाघोबाला ते देव मानतात आणि तो त्यांच्या चित्रांतही असतो. बिबट्या म्हटलं की वर्तमानपत्रांत ‘धुमाकूळ’, ‘दहशत’ हेच शब्द वाचायची आपल्याला सवय. अशा वेळी हा एक फोटो शांतपणे सांगतो की समज आणि सांभाळ असेल, तर एकाच बोळीत दोघं राहू शकतात. माझ्या मते महाराष्ट्रात काढलेल्या वन्यजीव फोटोंमध्ये याच्याइतकं मोलाचं बोलणारा दुसरा सापडणं कठीण.

पोपट विरुद्ध घोरपड

त्याच २०१६ मध्ये पक्ष्यांच्या विभागात जिंकले भारताचेच गणेश शंकर. ठिकाण राजस्थानातलं भरतपूर, म्हणजे केवलादेव राष्ट्रीय उद्यान. पोपटांची जोडी आपल्या ढोलीत परतली, तर आत घोरपड मुक्कामाला! पोपटांनी तिची बाहेर लोंबणारी शेपटी चोचीत धरून खेचली, चावे घेतले. घोरपड ढिम्म. हक्काच्या घरासाठी चाललेली ती झटापट एका फ्रेममध्ये अशी पकडली आहे की आपणच पोपटांच्या बाजूने ओरडायला लागतो.

फलाटावरची कुस्ती

लंडनच्या भुयारी रेल्वेत उंदीर पुष्कळ. सॅम रॉली या तरुणाने ठरवलं की फोटो यांचाच काढायचा, आणि तोही त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून. मग काय, रात्री आठवडाभर फलाटावर पालथं पडून राहणं आलं. येणारे-जाणारे चक्रावून बघत होते. एके रात्री प्रवाशाच्या हातून सांडलेल्या खाऊच्या कणासाठी दोन उंदीर समोरासमोर आले, मागच्या पायांवर उभे राहिले आणि एकमेकांना भिडले. क्षणभराची झुंज! दुसऱ्याच क्षणी दोघं दोन दिशांना पसार. २०१९ च्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचं बक्षीस या फोटोला मिळालं. मत देणारे होते २८ हजार. सिंह-वाघ बाजूला राहिले आणि लोकांनी हौसेने निवडले ते घरचे उंदीर.

रिक्षा आली धावून

बंगळुरूच्या विद्युन हेब्बार या दहा वर्षांच्या मुलाला एका थीम पार्कच्या भिंतीतल्या फटीत कोळ्याचं जाळं दिसलं. घुमटाच्या आकाराचं, तंबूसारखं ताणलेलं. जाळं इतकं नाजूक की वाहन गेलं की हलायचं आणि फोकस निसटायचा. तेवढ्यात मागून एक रिक्षा गेली आणि तिच्या रंगांचा पट्टा जाळ्याच्या मागे पसरला. क्लिक! २०२१ साली जगातल्या सर्वोत्तम बाल वन्यजीव छायाचित्रकाराचा किताब याच फोटोला मिळाला. या स्पर्धेत त्याचा फोटो पहिल्यांदा निवडला गेला, तेव्हा तो होता आठ वर्षांचा.

कृष्णाची बासरी आणि कोळी

पुन्हा बंगळुरू, पुन्हा कोळी, पुन्हा दहा वर्षांचा मुलगा. २०२३ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या गटात जिंकला विहान तल्या विकास. शहराजवळ नल्लूर इथे चिंचेच्या पुरातन झाडांची राई आहे. जैवविविधता वारसास्थळ म्हणून भारतात जाहीर झालेली ही पहिली जागा. तिथल्या देवळाच्या भिंतीवर बासरी वाजवणारा कृष्ण कोरलेला आहे. भिंतीवरच्या कोळ्याला विहानने अशा कोनातून टिपलं की कृष्ण जणू त्या कोळ्यासाठीच बासरी वाजवतो आहे!

पाइपातले पिंगळे

पंजाबात कपूरथळ्याला वडिलांबरोबर गाडीतून जाताना दहा वर्षांच्या अर्शदीप सिंगने एक पिंगळा सांडपाण्याच्या जुन्या पाइपात शिरताना पाहिला. वडील म्हणाले, असं कुठे असतं होय? पण पोराने हट्टच धरला. वडिलांची लेन्स घेऊन, गाडीच्या खिडकीवर टेकवून तो थांबला. पाइपाच्या तोंडाशी एक नाही, दोन पिंगळे आले आणि दोघांनीही थेट त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. २०१८ चं दहा वर्षांपर्यंतच्या गटाचं बक्षीस त्याचं झालं. मुलाने काही पाहिल्याचं सांगितलं, तर गाडी थांबवावी. आई-वडिलांनो, एवढं जरूर लक्षात ठेवा.

आईच्या डोक्यावर, बापाच्या पाठीवर

चंबळ नदी म्हणजे घडियालांचं माहेर. लांब अरुंद जबड्याचा, मासे खाऊन जगणारा हा प्राणी आज नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. ग्वाल्हेरच्या उदयन राव पवार या १४ वर्षांच्या मुलाने चंबळकाठी तळ ठोकला. पहाटेच्या आत खडकाआड लपून बसायचं आणि पिल्लांचे बारीक आवाज ऐकायचे. मग पाण्यातून मादीचं डोकं वर आलं आणि पिल्लं भराभर तिच्या डोक्यावर चढली! त्या फोटोने त्याला २०१३ चा बाल छायाचित्रकाराचा सर्वोच्च किताब दिला.

२०२० मध्ये याच नदीवर धृतिमान मुखर्जी यांनी गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. नर घडियालाच्या पाठीवर शंभराहून जास्त पिल्लं! मगरींच्या कुळातला बाप लेकरांचा एवढा सांभाळ करतो, हे त्या फोटोने जगभर पोचवलं.

काजव्यांची दिवाळी

मे सरता सरता सह्याद्रीत काजवे उतरतात. हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं लुकलुकायला लागतात. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांनी असंच एक झाड ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाखाली टिपलं. २०२० मध्ये त्या फोटोची खास दखल घेतली गेली आणि मोठ्यांच्या गटात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. तीन वर्षांनी तमिळनाडूतल्या आनमलाई व्याघ्र प्रकल्पातल्या काजव्यांचा फोटो काढणारे श्रीराम मुरली आपल्या विभागात चक्क पहिले आले. त्यासाठी त्यांनी प्रत्येकी १९ सेकंदांचे ५० फोटो एकत्र केले होते. म्हणजे जवळपास १६ मिनिटांचा लखलखाट एका चित्रात!

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. काजव्यांचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. आपण मोबाइलचा टॉर्च किंवा फ्लॅश मारला की ती साद विरून जाते. या दोन्ही फोटोंत उजेड आहे तो फक्त काजव्यांचा आणि आकाशाचा.

छोट्यांचा मोठा मान

सर्वोच्च किताब नेहमी मोठ्या जनावरांनाच मिळतो, असं मुळीच नाही. २०१० मध्ये हंगेरीचे बेन्स माते जिंकले ते कोस्टारिकातल्या पानं कातरणाऱ्या मुंग्यांवर. २०२२ मध्ये कॅरिन आयग्नर यांनी टेक्सासच्या तापलेल्या मातीवर लोळण घेत निवडुंगावरच्या मधमाश्यांचा गोळा टिपला. त्या गरगरणाऱ्या गोळ्यात एक सोडून बाकी सगळे नर, आणि सगळे त्या एकुलत्या एक मादीच्या मागे! २०२४ मध्ये शेन ग्रॉस कॅनडातल्या तळ्यात कमळाच्या पानांखाली तासन्‌तास पोहले आणि बेडूकमाशांची वरात घेऊन आले. त्या हजारो बेडूकमाशांतले सुमारे ९९ टक्के मोठे होईपर्यंत जगतच नाहीत. हे कळलं की तो फोटो आणखी जपून पाहावासा वाटतो.

आणि मुंगीचा चेहरा कधी जवळून पाहिलाय? निकॉनच्या ‘स्मॉल वर्ल्ड’ या सूक्ष्मछायाचित्र स्पर्धेत २०२२ साली लिथुआनियाच्या युजेनियस काव्हालियाउस्कास यांनी तो फक्त पाचपट मोठा करून दाखवला आणि इंटरनेटवर भयपटातला राक्षस म्हणून तो जगभर फिरला. गंमत म्हणजे पहिला क्रमांक त्याचा नव्हताच. तो गेला मादागास्करच्या पालीच्या गर्भातल्या इवल्याशा पंजाला.

विक्रमवीर

• फ्रान्सचे लॉरेंट बॅलेस्टा यांनी सर्वोच्च किताब दोनदा पटकावला. २०२१ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या माशांच्या प्रजननाच्या फोटोसाठी आणि २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या सोनेरी नालखेकड्यासाठी. पहिल्या फोटोतले मासे वर्षातून एकदाच, जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास अंडी घालतात. त्यासाठी पाच वर्षं त्यांच्या चमूने तिथल्या पाण्यात बुड्या मारल्या.
• जोनाथन स्कॉट १९८७ मध्ये जिंकले, त्यांच्या पत्नी अँजी २००२ मध्ये. नवरा-बायको दोघांच्या नावावर एकेक सर्वोच्च किताब!
• बेन्स माते २००२ मध्ये मुलांच्या गटात अव्वल होते, आठ वर्षांनी मोठ्यांच्या.
• भारताचे राजेश बेदी यांनी हा किताब १९८६ सालीच आणला होता.

फाटक उघडण्याऐवजी उडी का मारली?

आता सचोटीची गोष्ट. २००९ चा विजेता फोटो होता लाकडी फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा. रात्र, चांदणं, हवेत लांडगा. जग थक्क झालं. पण जाणकारांना एक प्रश्न छळू लागला. फाटकाच्या फळ्यांमधून सहज आत शिरता येत असताना रानातला लांडगा उगाच उडी कशाला मारेल? मग तो माद्रिदजवळच्या एका प्राणिसंग्रहालयातल्या शिकवलेल्या लांडग्याशी ताडून पाहिला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण परीक्षकांचं समाधान झालं नाही. जानेवारी २०१० मध्ये किताब काढून घेतला. २००९ ची सर्वोच्च विजेत्याची जागा आजही रिकामी आहे.

२०१७ चा किस्सा त्याहून नाट्यमय. ब्राझीलमधलं वारूळ, त्यावर किड्यांच्या अळ्यांचे हिरवट दिवे आणि वारुळाकडे झेपावणारा मुंगीखाऊ. बक्षीस मिळालं. काही महिन्यांनी निनावी सूचना आली. त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ पेंढा भरलेला एक मुंगीखाऊ ठेवलेला आहे, जरा पाहा! म्युझियमने पाच तज्ज्ञांना वेगवेगळं तपासायला बसवलं. केसांची वळणं, अंगावरचे पट्टे, पाठीची ठेवण सगळं जुळलं. सर्वांचं मत एकच पडलं. छायाचित्रकाराने इन्कार केला, तरी एप्रिल २०१८ मध्ये फोटो बाद झाला. कीअर्टन बंधू खऱ्या पक्ष्यांसाठी खोट्या बैलात शिरले होते. इथे प्राणीच खोटा ठरला.

हसा लेको!

‘कॉमेडी वाइल्डलाइफ’ ही स्पर्धा २०१५ मध्ये पॉल जॉइन्सन-हिक्स आणि टॉम सुलम यांनी सुरू केली. हेतू असा, की लोकांना आधी हसवायचं आणि हसता हसता प्राण्यांच्या जवळ न्यायचं. २०२० चा विजेता ऑस्ट्रेलियाच्या लेडी इलियट बेटाजवळचं कासव. त्याचा पुढचा पर असा वळलाय की ते फोटोग्राफरला ‘चल, फूट’ म्हणतंय असंच वाटतं. २०२३ चं कांगारू पोटावर हात ठेवून अदृश्य गिटार छेडतंय. २०२१ चं चीनमधलं माकड तारेवर दोन्हीकडे पाय टाकून असं तोंड वासून बसलंय की पाहणाऱ्यालाच कळ येते. खरं म्हणजे त्याला काही झालेलं नव्हतं, ते नुसता जोर दाखवत होतं!

काही फोटो बघवत नाहीत, पण बघायला हवेत

२०१७ चा लंडनचा सर्वोच्च किताब ब्रेंट स्टर्टन यांना मिळाला तो दक्षिण आफ्रिकेत शिंगं तोडून मारलेल्या काळ्या गेंड्याच्या फोटोसाठी. त्याच वर्षी मुंबईच्या ‘सँक्च्युअरी’ मासिकाच्या स्पर्धेत बिप्लब हाजरा यांचा फोटो पहिला आला. पश्चिम बंगालच्या बांकुरा भागात जमावाने फेकलेल्या आगीच्या गोळ्यांतून हत्तीण आणि तिचं पिल्लू जिवाच्या आकांताने पळत आहेत. बक्षीस समारंभात असे फोटो लागणं फार आवश्यक आहे. नुसतं सौंदर्य दाखवणारी स्पर्धा अर्धीच गोष्ट सांगते.

आणि आता आपली पाळी

फोटोची हौस आपल्याकडे घरोघरी पोचली आहे, हे छानच. पण हौसेला आवर नसला की काय होतं, तेही आपण पाहिलं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. असा फोटो कितीही जवळून मिळाला, तरी त्याची किंमत शून्य.

म्हणून चार गोष्टी पाळू या. घरट्याच्या जवळ जायचं नाही आणि फोटोसाठी फांद्या तर मुळीच तोडायच्या नाहीत. काजव्यांवर आणि घुबडांवर फ्लॅश मारायचा नाही. प्राण्याला खाऊ टाकून जवळ बोलवायचं नाही. आणि ‘गाडी आणखी पुढे घ्या’ असं गाइडला सांगायचं नाही. प्राणी अस्वस्थ झालेला दिसला की कॅमेरा खाली ठेवायचा.

घरात शाळकरी मूल असेल, तर त्याच्या हाती कॅमेरा द्या आणि सुरुवात अंगणातल्या कोळ्यापासून करू द्या. लंडनच्या या स्पर्धेत १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फी लागत नाही. दहा वर्षांपर्यंत, ११ ते १४ आणि १५ ते १७ असे तीन गट आहेत. पंजाब जिंकलं, चंबळ जिंकली, बंगळुरू तर दोनदा जिंकलं. पुढचा फोटो सह्याद्रीतून, विदर्भातून किंवा कोकणातून जाऊ द्या!